थोरला, धाकटा आणि राखणदार

पहाडगंज, नवी दिल्ली
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय भूषणकाका,
सविनय जयभीम.

तुमच्या अटीप्रमाणे हे पत्र पाटी आणि टोचणी घेऊन, एकेक ठिपका टोचत लिहिते आहे. फोनवर हेच सगळं चहा गार व्हायच्या आत सांगून झालं असतं. पण ब्रेल छापणाऱ्या मुलीने ब्रेलमध्ये पत्र लिहिलं नाही तर तिचा हात बिघडतो, असं तुम्ही जाताना स्टेशनवर बजावलंत. शिवाय अंधांच्या टपालाला तिकीट लागत नाही, हेही ऐकवलंत. तेव्हा माझी बोटं दुखली तर त्याचं पाप तुमच्या माथी.

तुम्ही मे महिन्यात बहिणीच्या, म्हणजे बाईंच्या, कमरेच्या ऑपरेशनसाठी पवनीला गेलात, तेव्हापासून आपल्या मुद्रणालयाचा मराठी विभाग म्हणजे मी आणि दोन म्हातारे कॉम्प्युटर. थोरला मजकुराचं ब्रेल करतो, धाकट्याला छापयंत्र जोडलेलं आहे, आणि दोघेही मनात आलं तरच बोलतात. तुमची खुर्ची तेवढी मी सांभाळून ठेवली आहे. हिंदी विभागवाले ती दोनदा उचलून घेऊन गेले आणि मी दोनदा भांडून परत आणली.

आता खरी बातमी. काल कार्यकारिणीची बैठक झाली. दहावीच्या भूगोलाचं ब्रेल पुस्तक नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या शाळांकडे रवाना व्हायला हवं. हेमांगीताई सचिव असल्या तरी उगाच कोणाच्या वाईटावर नसतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाईंना एकटं सोडून तुम्ही परत येणार नाही, तुमच्याशिवाय मराठीला दुसरा तपासनीस नाही, आणि तपासणीविना ब्रेल छापणं म्हणजे मुलांची फसवणूक. मग विभाग चालवायचा कशाला?

मी म्हटलं, काका पवनीत बसून काम करतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपले अकाउंटंट म्हणाले, “इतने पुराने सिस्टम पे रिमोट? मॅडम, ये तो ऑन हो जाएँ वही बहुत है.” पण हेमांगीताईंनी भूगोलापुरती मुदत दिली. पुस्तक निर्दोष झालं तर तपासनीस म्हणून तुमची जागा कायम. नाही झालं तर विभाग बंद आणि तुम्हाला सन्मानाने निरोप.

फायली मेलवर पाठवून भागत नाही, हे आपण जून-जुलैत पाहिलंच. तुम्ही चुका कळवता, मी त्या थोरल्यात भरते, एक अक्षर वाढलं की पुढची सगळी पानं सरकतात आणि तुमचं तपासलेलं पुन्हा कच्चं होतं. त्यापेक्षा तुम्हीच थोरल्याच्या आत येऊन बसा. दार मी करते. कसं ते अजून मला माहीत नाही, पण बैठकीत मी हे सांगितलेलं नाही.

तुमची,
मैत्री

◆

पवनी, जि. भंडारा
२८ ऑगस्ट २०२५

चि. मैत्रीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचताना बोटं खरवडून निघाली. टोचणी इतकी दाबू नकोस, कागदाचं आणि तुझं काही भांडण नाही. बाकी पत्र छान उतरलं आहे. बैठकीत तू जे बोललीस ते मी बाईला दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, ही गजभियांची पोर एवढी धीट कुणावर गेली? मी म्हटलं, ती दिल्लीत मुनिरक्यात घरमालकाकडे भाडेकरू म्हणून राहते, तिथे धीट व्हावंच लागतं.

बाई आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेली बाई, तिला स्वस्थ बसवत नाही. मला तर त्याहून नाही. येणारा जाणारा प्रत्येक जण मला सांगतो, खूप केलंत, आता आराम करा. त्यांना वाटतं डोळे नसलेल्या माणसाने काम केलं हेच पुष्कळ झालं. मैत्री, मला आराम नको आहे. बावीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसून बोटांनी वाचत, मोठ्याने बोलत आलो आणि समोर कोणी ना कोणी छापील पुस्तक धरून जुळवत बसलं. पुस्तक धरणारे पुष्कळ झाले. मधेच “थांबा काका” म्हणण्याची हिंमत असलेली तू एकटी. ते काम गेलं तर मी इथे नुसता कुणाचा तरी आंधळा भाऊ म्हणून उरेन, आणि ते मला सोसणार नाही. एवढं एकदा लिहून टाकलं, पुन्हा लिहिणार नाही.

आता तुझ्या उपयोगाचं. थोरला आणि धाकटा एकाच दिवशी आले होते. ज्याने ते बसवले त्याने थोरला नीट केला आणि धाकट्यात सगळं जसंच्या तसं उतरवून टाकलं. तेव्हापासून दोघांना एकत्र जोडलं की एक जण मुका होतो. म्हणून तर आपण पेन ड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलो. ज्या जाणकाराला बोलावशील त्याला हे आधी सांग.

आणि थोरल्याची जुनी खोड विसरू नकोस. तो मधूनच स्वल्पविरामाच्या जागी ‘ल’ टाकतो. तेवढ्यासाठी तरी त्याला माझं बोट लागतंच.

तुझा,
बुद्धभूषण

◆

पहाडगंज
१२ सप्टेंबर २०२५

आदरणीय भूषणकाका,
सविनय जयभीम.

जुळलं. काका, जुळलं. पाटीवर हे टोचताना कागद फाटला तरी चालेल.

तुम्ही सांगितलेला रोग बरोबर निघाला. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून मानस नावाचा जाणकार आणला होता. त्याला तुमचं वाक्य हिंदीत सांगितलं तर तो हसायलाच लागला. प्रत्येक कॉम्प्युटरला जाळ्यात स्वतःचा एक पत्ता असतो, आणि आपल्या या दोघा भावांचा पत्ता एकच होता. एका घराची दोन माणसं दारात उभी, टपाल कुणाच्या हातात द्यायचं? धाकट्याला नवा पत्ता दिला आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. मग दुसरं नाटक. हे दोघे ज्या जुन्या पद्धतीने फायली देतात घेतात, ती नव्या कॉम्प्युटरांनी केव्हाच सोडली आहे. नवा माणूस यांच्याशी बोलायलाच तयार नाही. ते मानसने कसंबसं मिटवलं. इंटरनेटवाल्यांकडून ऑफिसला कायमचा पत्ता मागून घेतला, तोही मिळाला.

आणि शेवटी त्याने थोरल्यावर एक प्रोग्राम टाकला. आता थोरल्याचा अख्खा पडदा, जसाच्या तसा, जगात कुठूनही उघडता येतो. मी काल संध्याकाळी मुनिरक्याच्या खोलीत बसून उघडला. तोच काळा पडदा, तीच पांढरी अक्षरं. तुम्ही म्हणता तसं ब्रेल तिथे इंग्रजी अक्षरं आणि खुणा होऊन दिसतं, आणि मला ते नेहमी मुंग्यांच्या रांगेसारखं वाटतं. पण इतकं स्वच्छ दिसत होतं की मी घरमालकिणीला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, “ये कौन सी भाषा है?” मी म्हटलं, “मराठी, आंटी.”

तुमच्या लॅपटॉपवर तेच बसवायचं सगळं फोनवर बाईंना समजावून सांगितलं आहे. त्या पटकन शिकतात. हेमांगीताईंना मी पवनीचं नाव पडद्यावर चमकताना दाखवलं, आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

तर काका, या आणि बसा. रोज सकाळी मी पुस्तक उघडून फोनपाशी तयार असेन.

तुमची,
मैत्री

◆

पवनी
२१ सप्टेंबर २०२५

चि. मैत्रीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं आणि तुझा थोरलाही आला. बाई म्हणाली पडदा अगदी स्वच्छ आहे, तुझ्या पत्रातल्यासारखाच. तिने तुझं फार कौतुक केलं. मीही करतो. इतक्या लोकांनी हात टेकले तिथे तू दार पाडलंस.

एक विनंती आहे. सकाळी फोनवर एकत्र वाचायचा आपला रिवाज सध्या राहू दे. इथली वीज लहरी आहे आणि बाईच्या व्यायामाची वेळही तीच. मी माझ्या सोयीने तपासून प्रकरणं पुरी करत जातो, तू नंतर पाहून घे. पहिली दोन प्रकरणं झाली आहेत. वेग थोडा कमी वाटेल, तो पुढे वाढेल.

काळजी करू नकोस. हेमांगीताईंना माझा नमस्कार आणि काम सुरू झालं आहे असं सांग. ते खरंच आहे.

तुझा,
बुद्धभूषण

◆

पहाडगंज
७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय भूषणकाका,
सविनय जयभीम.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुम्ही नागपूरला गेला होतात का? इथे आम्ही सगळे आंबेडकर भवनात जमलो होतो. प्रत्येक जण तुमची चौकशी करत होता. मी सगळ्यांना सांगितलं, काका भूगोलात बुडाले आहेत.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला तीन दिवस टाळाटाळ केली. काका, तुमची बोटं ठीक आहेत ना? साखर वाढली आहे का? बोटांच्या टोकांना मुंग्या येतात का? माझ्या आजीला साखरेमुळे तसं व्हायचं, म्हणून विचारते.

गेल्या शुक्रवारी हेमांगीताईंनी पाचवं प्रकरण नमुन्यादाखल छापून घेतलं. आपल्या हिंदी विभागाच्या तपासनीस कादंबरीदीदींनी ते बोटांनी वाचून दाखवलं. लिपी तीच, म्हणून वाचणं त्यांना जड नाही. त्या वाचत गेल्या, “गहूल तांदूळल ज्वारी.” मला वाटलं दीदींना मराठी जमत नाही. मग मी स्वतः पाहिलं. थोरल्याची तीच खोड, पानोपान, आणि तुम्ही तपासल्यावरही तशीच राहिलेली. बाकी अवघड जोडाक्षरं, नकाशांची नावं, आकडे, सगळं बरोबर. फक्त तीच एक चूक, जी तुम्ही झोपेतही पकडाल.

हेमांगीताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या हळूच म्हणाल्या, वय कोणाला चुकलंय? दिवाळीनंतर पुन्हा बघू असं ठरलं आहे.

तुम्ही फोनवर दोन वाक्यांत आवरतं घेता. पत्रात तरी खरं लिहा. आणि हो, हेमांगीताईंनी विचारलं आहे की तुम्हाला कोणता रंग आवडतो. का ते मला माहीत नाही.

तुमची,
मैत्री

◆

पवनी
१५ ऑक्टोबर २०२५

चि. मैत्रीस,
सप्रेम जयभीम.

जन्मांध माणसाला रंग विचारायला लागले म्हणजे शाल घेऊन झाली, हे मला कळतं. तू खोटं बोलायला शिकलेली नाहीस, ते बरंच आहे. हेमांगीताईंना सांग, रंग कोणताही चालेल, ऊबदार असावी.

माझी साखर ठीक आहे. बोटंही ठीक आहेत. चुका राहिल्या त्या माझ्या नावावर लाव, दुसऱ्या कोणाला दोष नाही. नव्या पद्धतीने काम करायला वेळ लागतो आणि तो वेळ आता नाही, एवढंच. उरलेली प्रकरणं मी पुरी करून देतो. मग हेमांगीताई ठरवतील तसं. माझ्यामुळे तुझी नोकरी धोक्यात येता कामा नये. तू हिंदी विभागात जा, तिथे तुला कोणीही घेईल.

तू समजतेस तसा मी खिन्न वगैरे नाही. दिवस चांगला जातो. बाई दिवसभर पडद्यासमोर असते. संध्याकाळी तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण उठायला तयार नाही, शाळा भरल्यासारखी बसते. तिने त्या सगळ्या खुणांना नावंसुद्धा ठेवली आहेत. जिलबी, चांदणी, रूळ, उलटी विळी. तिचं “के, जिलबी, काडी, रूळ” ऐकून शेजारच्यांना वाटतं आम्ही किराणा लिहितो आहोत. आम्हा भावंडांना या वयात एकत्र अभ्यास करायला मिळाला, हेही काही कमी नाही.

दिवाळीच्या तुला आणि तुझ्या आईवडिलांना शुभेच्छा.

तुझा,
बुद्धभूषण

◆

पहाडगंज
२७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय काका,
जयभीम. सविनय आज नाही, कारण मी रागावले आहे.

तुमचं पत्र दिवाळीच्या गडबडीत आलं. जिलबीपाशी माझं बोट थांबलं. मी ती ओळ परत वाचली. मग उठून थोरल्यासमोर गेले आणि पडदा पाहिला. स्वल्पविराम तिथे एकच्या आकड्यासारखा दिसतो. ‘ल’ इंग्रजी एलसारखा. थोरल्याच्या त्या जुन्या पडद्यावर दोन्ही म्हणजे नुसत्या उभ्या काड्या. आणि बोटाखाली? एक ठिपका आणि तीन ठिपके. तुमच्या बोटाने ती चूक करणं शक्यच नाही. ती चूक फक्त डोळ्यांनी होऊ शकते. काका, महिनाभर बाई वाचून दाखवत होत्या आणि तुम्ही ऐकून मनात ब्रेल जुळवत होतात. सगळं पुस्तक. मला हे कळल्यावर मी पायऱ्यांवर जाऊन बसले आणि रडले. नंतर राग आला.

तुमच्या लॅपटॉपमधला वाचक पडद्यावरची अक्षरं बोलतो आणि तीच तुमच्या ब्रेलच्या पट्टीवर ठिपके करून उठवतो. पण अक्षरं असली तर. आम्ही तुम्हाला अक्षरं पाठवलीच नव्हती. थोरल्याच्या पडद्याचा फोटो पाठवत होतो, दर क्षणाला नवा. फोटो त्या वाचकाला मुका. मी स्वतः मुनिरक्यात बसून तपासलं, पण डोळ्यांनी, आणि खूश झाले. तुम्ही पहिल्याच दिवशी “ऐकू येत नाही” एवढंच म्हणाला असतात तर? मला माहीत आहे का नाही म्हणालात. मी पाटीवर दोनदा ‘जुळलं’ लिहिलं होतं, आणि तुम्हाला वाटलं, हे बोललो तर विभागच बंद होईल. पुढच्या वेळी माझा आनंद खुशाल मोडा.

आता ऐका. आपला ब्रेलचा प्रोग्राम काळ्या पडद्यावरचा, माउस नसलेला, नुसत्या अक्षरांचा आहे. सगळे त्याला जुनाट म्हणतात आणि तोच आपल्या कामाचा निघाला. थोरल्यात टेलनेट नावाचं एक जुनं दार आहे. त्यातून चित्र जात नाही, फक्त अक्षरं जातात येतात. ते मी उघडलं. मानस म्हणाला, “मॅडम, ये दरवाज़ा रोड पे मत खोलना.” खरं आहे, त्यातून जाणारं काहीही वाटेत कोणीही वाचू शकतं. म्हणून ते दार फक्त ऑफिसच्या आत ठेवलं. बाहेरच्या बाजूला अकाउंट्सने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर बसवला आहे. त्याचं नाव राखणदार. तुम्ही पवनीहून आधी राखणदाराकडे यायचं, तिथला रस्ता कुलूपबंद आहे. त्याला एसएसएच म्हणतात. कुलूप मी इथे बसवलं आहे, किल्ली तुमच्याच लॅपटॉपमध्ये तयार झाली आहे आणि ती मलासुद्धा दिसत नाही. राखणदार तुम्हाला ओळखून आत थोरल्याकडे सोडतो, थोरल्याकडून धाकट्याकडेही.

या वेळी मी तपासलं ते असं. कादंबरीदीदींचा लॅपटॉप घेतला, पडद्यावर माझी ओढणी टाकली आणि कानांनी थोरल्यात शिरले. पहिले दोन दिवस वाटेतच हरवले. तिसऱ्या दिवशी तो बोलला. दीदींनी त्यांची पट्टी जोडली आणि सरळ म्हणाल्या, “लो, यहाँ ‘ल’ है, कॉमा चाहिए.” मी त्यांना मिठी मारली.

हेमांगीताईंकडे जाऊन सगळं सांगितलं. शाल कपाटातच आहे, बदामी रंगाची, खरंच ऊबदार आहे. त्या म्हणाल्या, दहा तारखेला मी स्वतः पुस्तक धरून बसेन आणि बुद्धभूषणजी वाचतील. एकही चूक निघाली तर विषय संपला.

बाईंना विश्रांती द्या. फोनवर सांगते तशा आज्ञा टाइप करा, आणि बोटं पट्टीवर ठेवा.

तुमची,
मैत्री

◆

पवनीत लिहिलेलं, पहाडगंजात उमटलेलं
८ नोव्हेंबर २०२५

चि. मैत्रीस,
सप्रेम जयभीम.

घाबरू नकोस. कोणी हात न लावता छापयंत्र सुरू झालं असेल तर ते भूत नाही, मी आहे. हे पत्र टपालाने येणार नाही. ते मी थोरल्यात लिहिलं, धाकट्याला सांगितलं, आणि आता ते तुझ्या समोर ठकठक करत उमटत असेल. तो आवाज मला इथे येत नाही, तेवढी एक उणीव आहे.

रागावलीस ते योग्य केलंस.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. तू फोन ठेवलास. मी आज्ञा दिली. राखणदाराने नाव विचारलं, मी सांगितलं. मग पट्टीखाली काहीतरी हललं. पहिली ओळ आली आणि मी ती वाचायच्या आधीच ओळखली. थोरला सुरू होताना जी ओळ दाखवतो तीच, बावीस वर्षं रोज सकाळी वाचलेली. पुढे काही वेळ मी काम केलं नाही. पट्टीवर बोटं फिरवत नुसता बसलो. बाईने विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, माझी खोली. ती पलंगावर आडवी झाली आणि महिन्याभरात पहिल्यांदा दुपारची झोपली.

चित्र पाठवत होतीस तेव्हा ते अडखळत यायचं. अक्षरं मात्र आमच्या पवनीच्या इंटरनेटवरूनही पाण्यासारखी येतात. सगळं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा बोटांनी वाचलं. बाईने चुकवलेले सगळे ‘ल’ काढले. तिला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. अवघड जोडाक्षर तिने एकही चुकवलं नव्हतं, हे मात्र तिला सांगितलं. ती म्हणाली, मग, शाळेत कोण शिकवायचं?

दहा तारखेला हेमांगीताईंना बसू दे. त्यांना म्हणावं, पान त्यांनी निवडावं.

तुझा,
बुद्धभूषण

◆

पहाडगंज
१५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय भूषणकाका,
सविनय जयभीम. आता पुन्हा सविनय.

दहा तारखेला तुम्ही फोनच्या त्या टोकाला होतात, या टोकाचं सांगायचं राहिलं आहे. आणि आठ तारखेचंही. त्या दिवशी छापयंत्र आपोआप सुरू झालं तेव्हा मी जेवायला गेले होते. खोलीत फक्त अकाउंटंट होते. ते पळत खाली आले, “मॅडम, वो अपने आप छाप रहा है.” आम्ही सगळे वर गेलो. हिंदी विभाग, कादंबरीदीदी, शिपाई, सगळे यंत्राभोवती उभे, आणि कागद वर येतो आहे. दीदींनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, हसल्या आणि म्हणाल्या, “पवनी से आया है.” अकाउंटंटनी ते पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यांना वाचता येत नाही तरी ते बराच वेळ सोडायला तयार नव्हते.

दहाला हेमांगीताई माझ्या जागेवर बसल्या, छापील पुस्तक हातात, चष्मा वर. फोन स्पीकरवर. त्यांनी मुद्दाम शेतीचं प्रकरण काढलं. तुम्ही वाचायला लागलात, “गहू, तांदूळ, ज्वारी,” आणि प्रत्येक स्वल्पविरामाला तुम्ही जरासे थांबत होतात, तो खोडसाळपणा मला कळला. पहिली काही पानं त्या ओळीवर बोट ठेवून होत्या. मग बोट बाजूला झालं. मग नजरही पुस्तकावरून उठली. नद्यांचं प्रकरण आलं तेव्हा त्या पुस्तक मिटून नुसत्या ऐकत होत्या. तुमच्या पवनीजवळची वैनगंगा आली आणि तुमचा आवाज बदलला, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, “माझं पान हरवलं गं. छापायला टाक.”

परवा सगळे खंड बांधून टपालात पडले. गठ्ठे इतके झाले की टपालवाल्याला दोन खेपा पडल्या, आणि नेहमीप्रमाणे तिकीट एकाही गठ्ठ्याला नाही. कार्यकारिणीने तुमची जागा कायम केल्याचा कागद तुम्हाला मिळेल. तो मी ब्रेलमध्येच काढायला लावला. इतिहासाचं पुस्तकही आपल्याकडे आलं आहे, आणि सकाळचा फोनचा रिवाज सोमवारपासून पुन्हा चालू होतो आहे. वीज लहरी आहे वगैरे ऐकून घेणार नाही.

शालीचा प्रश्न उरला होता. निरोप नाही तर शाल कोणाला द्यायची? हेमांगीताईंनी ती कपाटातून काढली, घडी मोडली आणि थोरल्याच्या अंगावर घातली. म्हणाल्या, दिल्लीची धूळ आणि थंडी, दोन्हींपासून म्हातारा जपायला हवा. आता रोज सकाळी मी ती काढते, संध्याकाळी पांघरते. धाकटा त्यावरून रुसला असावा, कारण काल त्याने कागद दोनदा अडकवला.

आणि तुमची खुर्ची. राखणदाराला ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून मी त्याला तुमच्या खुर्चीत बसवला आहे. तुम्ही पवनीहून आलात की त्याचा हिरवा दिवा लागतो. काल हिंदी विभागातला तो नेहमीचा माणूस पुन्हा खुर्ची मागायला आला. मी म्हटलं, “खाली नहीं है, काका बैठे हैं.” त्याने खुर्चीकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता. त्याने मान हलवली आणि स्टूल घेऊन गेला.

तुमची,
मैत्री